आत्या, वन्स आणि जावई

रविवारी सकाळी ग्वाल्हेरच्या आमच्या गल्लीत शहर बघायला मंडळी येतात. गळ्यात कॅमेरा, हातात पाण्याची बाटली, डोक्यावर टोपी. सराफ्याकडून वळून आत आली की त्यांचा गाइड थांबतो, हात वर करतो आणि सांगतो, "ये सात मकान देखिए. एक कतार, एक पत्थर, दीवार से दीवार लगी हुई. और खिड़कियाँ सब ओरिजिनल." सगळ्यांच्या माना वर होतात. नेमका त्या वेळी मी माझ्या पहिल्या मजल्यावरच्या खिडकीत उभा असतो. योगायोगानं नव्हे. साडेआठपासून दाढी करून, इस्त्रीचा कुर्ता घालून उभा असतो.

"ही डावीकडची वन्स," मी वरून जाहीर करतो, "मधली आत्या. आणि हा कोपऱ्यातला, फुगून बसलेला, तो जावई."

मंडळी एकमेकांकडे बघतात, गाइड कपाळाला हात लावतो आणि आतून बायको म्हणते, "झालं का दर्शन देऊन? दूध उतू चाललंय."

ही नावं मी ठेवलेली नाहीत. माझी तेवढी अक्कल नाही. ती शेजारच्या काकांनी ठेवली. काका गेले त्याला दोन हिवाळे झाले, पण आमच्या गल्लीत अजून कुणाचं चित्र भिंतीवर वाकडं लागलं तर लोक आधी दाराकडे बघतात, काका तर येत नाहीत ना म्हणून.

सात घरं, प्रत्येकाला रस्त्याच्या बाजूला वरच्या मजल्यावर तीन खिडक्या. एकवीस झाल्या. दरबारातल्या कारकून मंडळींसाठी कुणी तरी एका हातानं बांधून घेतलेली ही ओळ. पुढे कारकुनांची मुलं वकील झाली, नातवंडं डॉक्टर झाली, पणतवंडं बंगळूरला गेली, पण खिडक्या जागच्या जागी राहिल्या. सागवानी दोन पल्ले, पल्ल्यांत तिरप्या लाकडी पट्ट्यांची झिलमिल, वर दगडी कमान आणि कमानीत लाल, हिरव्या, पिवळ्या काचा. काकांनी या एकवीसही खिडक्यांना नात्यांची नावं दिली होती. मावशी, मेहुणा, चुलतसासरे, नणंदेची जाऊ, सगळं खानदान भिंतीवर टांगलेलं. मी एकदा विचारलं, "काका, एक, दोन, तीन असे आकडे का नाही टाकले?"

"आकड्याला स्वभाव असतो का?" ते म्हणाले. "आणि आपल्याकडे नाती भरपूर आहेत. ही घरं साहेबानं बांधली असती तर अंकल आणि आंटी, दोन खिडक्यांत मामला खतम."

स्वभाव मात्र त्यांनी अचूक हेरले होते, हे मान्य करायला हवं. माझी आत्या कुणी हात लावायच्या आधीच कुरकुरायची. वन्स कधी पूर्ण मिटायचीच नाही, तिची एक फट सदैव शेजारच्या घराकडे. आणि जावई! पावसाळ्यात फुगून बसायचा, दोघांनी विनवण्या केल्याशिवाय जागचा हलायचा नाही आणि वर सगळ्यांत जास्त तेल त्यालाच लागायचं.

तेलावरून आठवलं. दसऱ्याच्या आधी आमच्या ओळीत खिडक्यांची अंघोळ असायची. बिजागऱ्या जुन्या घडणीच्या होत्या. पल्ला वर उचलला की सुटा व्हायचा. सातही घरांतले पल्ले खाली गल्लीत उतरायचे, भिंतीला टेकून रांगेनं उभे राहायचे आणि काका डबा घेऊन प्रत्येकाला अळशीचं तेल चोळायचे. गल्लीत वासाचा कहर. मग प्रत्येक पल्ल्यावर मधल्या बोटाचं पेर वाजवायचं आणि डावा कान लावायचा. उजवा कान त्यांनी पूर्वीच कामातून सोडला होता. "या कानानं मी फक्त सरकारी आश्वासनं ऐकतो," असं म्हणायचे.

नोकरी त्यांची पाटबंधाऱ्याच्या कचेरीत, नकाशे काढण्याची. गल्लीत त्यांना सब्जीवाल्यापासून पोस्टमनपर्यंत सगळे 'नक्शेवाले बाबूजी' म्हणत. चौतीस वर्षं त्या माणसानं कालव्यांचे उतार काढले. फळ्यावर वाकून वाकून उजवा खांदा डाव्यापेक्षा दोन बोटं खाली गेलेला. आणि निवृत्तीनंतर एकदम उभ्या रेषेच्या प्रेमात पडले. लोक खिशात घड्याळ ठेवतात, यांच्या खिशात ओळंबा. गवंड्याचा असतो तो, दोरीला लावलेला पितळी गोळा. काढायचे, दोन बोटांत दोरी धरायचे, एक डोळा मिटायचे. देवळाचा खांब, लग्नाचा मांडव, बँकेचा काउंटर, कशाचीही गय नाही. एका पुढाऱ्याच्या पुतळ्याचं अनावरण होतं तेव्हा हे गर्दीत दोरी धरून उभे. "डावीकडे झुकलाय," मोठ्यानं म्हणाले. पोलिसानं बाजूला घेतलं. नंतर चौकशी केली तर त्याचं म्हणणं, "बाबूजी, बात तो सही थी, पर टाइम ग़लत था."

माझ्यासाठी मुलगी बघायला गेलो तेव्हा वडिलांनी काकांना बरोबर घेतलं होतं, वजनदार माणूस म्हणून. गोरखी वाड्याच्या जवळच घर. सासरे दारात हात जोडून उभे, "या, या." काका उंबऱ्यावरच थांबले. खिशातून ओळंबा काढला. सासऱ्यांना वाटलं काही तरी धार्मिक विधी आहे, त्यांनी चपला काढल्या. दोन मिनिटं सगळं घर श्वास रोखून. मग काका आत वळून माझ्या वडिलांना म्हणाले, "चौकट सरळ आहे. मुलगी बघायची गरज नाही."

तेवीस वर्षं झाली. चौकट अजून सरळ आहे. मुलीबद्दल इथं काही लिहीत नाही, कारण माझं लिहिलेलं ती आधी वाचते.

आता माझ्या पापाकडे येतो. ते सांगितल्याशिवाय काका पुरे होत नाहीत.

सहा-सात वर्षांपूर्वीचा मे महिना. ग्वाल्हेरचा मे ज्यानं काढला त्याला नरकाची भीती दाखवू नये, तो तिथं स्वेटर मागेल. लू अशी की दुपारी दोनला झिलमिलीतून घरात कुणी तरी भट्टीचं तोंड उघडावं. वर धूळ. बायको दिवसातून चार वेळा पुसायची आणि पाचव्या वेळी माझ्याकडे बघायची. मला एसी लावायचा होता आणि एसीवाला म्हणाला, "सर, इन खिड़कियों में तो ठंडक टिकेगी नहीं." काका तेव्हा पंधरा दिवसांसाठी लेकीकडे इंदूरला गेले होते. मी तो मुहूर्त साधला. होय, मुद्दाम साधला. तीन दिवसांत पांढऱ्या ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या लागल्या, काळ्या काचांच्या. वरच्या कमानी प्लायवूडनं झाकल्या. आत्या, वन्स आणि जावई कबाडीवाल्याच्या ठेल्यावर आडवे पडून हजीऱ्यातल्या त्याच्या दुकानाकडे रवाना झाले. मी वरून टाटासुद्धा केला नाही.

काका परत आले. रिक्षातून उतरले, पिशवी खाली ठेवली, वर बघितलं. मी खिडकीतच होतो, वकिलासारखा तयारीत. लू, धूळ, बायकोची कंबर, सगळे मुद्दे पाठ. काकांनी खिशात हात घातला, ओळंबा काढला. आणि तसाच परत खिशात ठेवला. देवळाच्या खांबालाही न सोडणाऱ्या त्या माणसानं माझ्या खिडकीपुढे दोरी धरली नाही.

"काका, सरळ आहेत ना?" मीच विचारलं.

"सरळ आहेत," ते म्हणाले. "मेलेला माणूसही सरळच झोपतो."

आणि घरात गेले. त्या दिवसापासून त्यांनी माझा जिना चढणं बंद केलं. रोज संध्याकाळी सहाला ते आमच्याकडे चहाला यायचे, आत्याच्या कट्ट्यावर बशी ठेवून फुंकर मारत प्यायचे. थोडीथोडकी नव्हे, पंचवीस वर्षांची रीत. ती तुटली. भांडले नाहीत. गल्लीत भेटले की बोलायचे, सणाला आशीर्वाद द्यायचे, बायकोची चौकशी करायचे. फक्त जिना नाही. त्यांचा पांढरा कप, निळ्या काठाचा, आमच्या फळीवर पालथा राहिला. बायको पुसून पुन्हा तिथंच ठेवायची आणि मला काही म्हणायची नाही. तिनं काही म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

नियतीनं मात्र लगेच न्याय केला. आमच्या भागात माकडं फार. जुन्या खिडक्यांना आतून लाकडी खिट्टी होती, ती फिरवली की माकडाच्या बापाला उघडत नसे. सरकती खिडकी त्यांनी चौथ्या दिवशी शिकून घेतली. एक बोट लावायचं, सर्रकन बाजूला. संकष्टीला एका लालतोंड्यानं माझ्या डोळ्यांदेखत मोदकांचं ताट उचललं आणि जाताना, खोटं सांगत नाही, खिडकी लावून घेतली. एसीची सवय झाली होती त्याला.

अशी चार वर्षं गेली. मग एक दिवस गल्लीत मोजमापाची फीत घेऊन माणसं आली. आमचा भाग जतनाच्या यादीत आला होता. जुन्या घरांच्या दर्शनी बाजू आता मनाला येईल तशा बदलायच्या नाहीत, असा नियम. मला नोटीस आली. ॲल्युमिनियम उतरवा. पण खरी बातमी पुढे होती. हे जतन बघणाऱ्या समितीनं ठरवलं होतं की या ओळीतल्या खिडक्या कुजल्या आहेत, तेव्हा एकवीसच्या एकवीस काढून टाकायच्या आणि जुन्यासारख्या दिसणाऱ्या नव्या लावायच्या. ठेकेदार नमुना घेऊन आला. दाबलेल्या भुशाची फळी, वर सागवानी रंगाचा कागद, त्यावर चिकटवलेली नक्षी. "पूरा हेरिटेज लुक है," तो म्हणाला.

काका पुढे झाले. पेर वाजवलं, डावा कान लावला. "आत कुणी नाही," म्हणाले.

त्यानंतर काकांनी अर्ज लिहायला घेतले. छापल्यासारखं अक्षर, हिंदी अगदी शुद्ध. राग वाढला की मधेच एखादं वाक्य मराठीत यायचं. मुद्दा एकच. खिडकी खालून कुजते, वरून नाही. कुजले तेवढे पाय कापा, नवं लाकूड सांधा, अख्खी खिडकी फेकू नका. सातव्या अर्जाला समितीच्या वास्तुकार बाई स्वतः आल्या. भोपाळच्या, तिशीतल्या, बोलायला रोखठोक. म्हणाल्या, "बाबूजी, दशहरे से पहले एक घर की तीन खिड़कियाँ मरम्मत करके दिखाइए. ठीक से खुलें, ठीक से बंद हों. हो गया तो बाकी भी मरम्मत होंगी. नहीं हुआ तो ठेकेदार सब निकाल ले जाएगा. मंज़ूर?"

"मंजूर."

"कौन-सा घर?"

काकांनी माझ्या घराकडे बोट दाखवलं.

बाई हसल्या. मीही हसलो. माझ्याकडे होत्याच कुठे जुन्या खिडक्या? "काका, उरलेल्या सहांतलं कुठलंही घ्या की. माझ्या तर..."

"वर ये," काका म्हणाले.

त्यांच्या खोलीत मी चार वर्षांत शंभर वेळा गेलो असेन. एक टेबल, एक पलंग, भिंतीवर कालव्याचा नकाशा. काकांनी गादी गुंडाळली. खाली, एकावर एक दोन थर, मधे वर्तमानपत्रं, सहा पल्ले. आत्या. वन्स. जावई.

मी खाली बसून जावयावरून हात फिरवला. 

"लाकूड नुसतं ठेवलं की पीळ भरतो," काका मला समजावत होते, जणू मुद्दा तेवढाच होता. "सपाट ठेवून वर रोज वजन पाहिजे. मी बासष्ट किलो आहे. पुरतो."

इंदूरहून आल्यावर दुसऱ्याच दिवशी ते हजीऱ्याला त्या कबाडीवाल्याकडे गेले होते. बदल्यात आपली सायकल देऊन आले. सायकल दिसत नाही म्हणून मी तेव्हा विचारलंही होतं. "आता गुडघ्यांना झेपत नाही," असं म्हणाले होते. आणि मी, थोर माणूस, "बरोबर आहे, वय झालं," असं म्हणून पुढे गेलो होतो.

कबाडीवाल्याच्याच शेजारी त्यांना एक मिस्त्री भेटले होते. सत्तरीचे, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. आता त्यांना बोलावणं गेलं आणि आमच्या गल्लीत महिनाभर नाटकाचे प्रयोग लागले. मी कचेरीतून रजा घेऊन बघत बसायचो.

"मिस्त्री, आत्याबाईंचे पाय बघा."

"दोनों गए, बाबूजी. काटने पड़ेंगे."

"काटो. पण गुडघ्याच्या खालीच. मांडी चांगली आहे तिची."

पलीकडून भाजीची हातगाडी घेऊन चाललेली बाई जागीच थांबली. "हाय राम! अस्पताल नहीं ले जाओगे?"

"अस्पताल वालों को इनका इलाज आता नहीं," मिस्त्री रंधा मारता मारता म्हणाले.

सांध्याला लाकूड कुठून आणायचं हा प्रश्न आला. बाजारातलं नवं लाकूड मिस्त्रींना पसंत पडेना. जुन्याला जुनंच लागतं, नवं आकसतं आणि सांधा उघडतो. काकांनी दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा पलंग गल्लीत उलटा पडलेला होता. सागवानी, आजोबांच्या वेळचा. तेव्हापासून माझ्या खिडक्या काकांच्या पलंगाच्या पायांवर उभ्या आहेत आणि काका शेवटपर्यंत जमिनीवर झोपले. मी नवा पलंग आणतो म्हणालो. "नको. पाठ सरळ राहते," म्हणाले.

तपासणीच्या आदल्या दिवशी पल्ले बसवायचे होते आणि त्याच दिवशी काकांना ताप भरला. एकशे दोन. उठायची सोय नव्हती. पण तयारी चोख होती. प्रत्येक पल्ल्यावर खडूनं नाव लिहिलेलं. कोण कुठं बसणार ते लिहिलं नव्हतं. आत्या मधे बसते हे जगाला ठाऊक आहे अशी त्यांची समजूत होती.

मिस्त्रींनी दिवसभर खपून सगळं बसवलं. मी खाली उभा राहून "वा, वा" करत होतो. वरच्या कमानीवरचं प्लायवूड निघालं आणि चार वर्षांनी काचांतून ऊन आत आलं. बायको हिरवी झाली, मी पिवळा, आणि माझ्या टकलावर लाल टिळा. आम्ही दोघं वेड्यासारखे एकमेकांकडे बघत उभे. त्या आनंदात संध्याकाळपर्यंत कुणी पल्ले मिटून पाहिलेच नाहीत.

सकाळी दहाला बाई आल्या, ठेकेदार आला, दोन कारकून आले. सातही घरं खिडक्यांत. काका शाल गुंडाळून खाली गल्लीत खुर्चीवर, भिंतीकडे पाठ, डावा कान वर. बघवत नव्हतं की ऐकायचं होतं, कोण जाणे.

"बंद कीजिए," बाई म्हणाल्या.

मी वन्स ओढली. मिटली. नेहमीची फट ठेवून, पण मिटली. उजवीकडची ओढली. मिटली, पण मधे बोटभर सांद. खाली कुजबुज. मधली ओढली. अर्ध्यावर येऊन अडली. जोर लावला. मिस्त्रींनी जोर लावला. पल्ल्यावर पल्ला चढला आणि ठाण मांडून बसला. ठेकेदारानं खिशातून पानाची पुडी काढली आणि सावकाश सोडायला सुरुवात केली, निकाल लागल्यासारखी. बाईंनी पेनाचं टोपण काढलं. एकवीस खिडक्या त्या टोपणात अडकल्या होत्या.

खालून, भिंतीकडे पाठ करूनच, काका म्हणाले, "जावई मधे बसलाय."

मी बघितलं. खडूची अक्षरं पुसट, पण होती. मधल्या पल्ल्यांवर 'जावई', उजव्या पल्ल्यांवर 'आत्या'. ज्या खिडक्यांच्या मागे मी चाळीस वर्षं काढली, त्या मला ओळखता आल्या नव्हत्या. त्यांनी नुसत्या आवाजावरून ओळखल्या.

"मिस्त्री!" काका कडाडले. "याला मधे कुणी बसवलं?"

मिस्त्री खिडकीतून ओणवले. चेहरा दुखावलेला. "बाबूजी, दामाद को कोने में बिठाता? घर की इज़्ज़त का सवाल है! हमारे यहाँ तो दामाद बीच में ही बैठता है."

गल्लीत जो हशा पिकला तो सराफ्यापर्यंत गेला असणार. बाई हसता हसता भिंतीला टेकल्या. पण काका हसत नव्हते. "अदला-बदली करा," एवढंच म्हणाले.

पल्ले उचलले. आत्या मधे आली, जावई कोपऱ्यात गेला. मी आत्या ओढली. ती आधी कुरकुरली. मग मिटली, ठप्प. मी जावई ओढला. ठप्प. जाड, भरलेला, पोटभर जेवल्यासारखा आवाज. खाली काकांचे डोळे मिटलेले होते.

ठेकेदार म्हणाला, "मैडम, एक-एक खिड़की का इतना नाटक? हमारा वाला तो कहीं भी लगा दो."

बाईंचं हसू थांबलं. त्या वर आल्या. कारकुनाकडून फीत घेतली आणि माझ्या तिन्ही चौकटी स्वतः मापल्या. मग शेजारच्या घरी गेल्या. मग पुढच्या. तासाभरानं परत आल्या तेव्हा कागद आकड्यांनी भरला होता. एकवीस चौकटी, आणि एकीचं माप दुसरीशी जुळत नव्हतं. कुठे अर्धं बोट, कुठे पाऊण. हातानं चिरलेला दगड तो. "आपने कितने साइज़ बनाए?" त्यांनी ठेकेदाराला विचारलं.

"साइज़ तो एक ही आया था, मैडम. ऊपर से."

"तो इक्कीस में से लगती कितनी?"

ठेकेदारानं पान तोंडात टाकलं. उत्तर देता येऊ नये म्हणून असावं.

अशा रीतीनं, मिस्त्रींनी जावयाचा मान राखला म्हणून आमची गल्ली वाचली. सगळं बरोबर बसलं असतं तर बाईंनी फीत हातात घेतलीच नसती, आणि त्यांचा शब्द समितीत टिकला नसता तर तीन खऱ्या खिडक्या आणि अठरा भुशाच्या, असाही तोडगा निघाला असता. उरलेल्या अठराही दुरुस्त झाल्या, त्याच मिस्त्रींच्या हातून. मोजमापाच्या तक्त्यात बाईंनी एक रकाना 'पहचान' म्हणून ठेवला होता. आकडे घालता आले असते. त्यांनी काकांना समोर बसवून नावं विचारून घेतली. आज एका सरकारी कागदावर आमच्या ओळीचं सगळं खानदान नोंदलेलं आहे. मी त्याची नक्कल मागून आणली आणि काचेत घालून दिवाणखान्यात लावली. माझ्या पदवीच्या प्रमाणपत्राच्या जागी.

पण ते नंतर. तपासणीच्या त्या दिवशी संध्याकाळी मी खिडकीत बसलो होतो. झिलमिलीच्या पट्ट्या थोड्या उचललेल्या, खाली गल्लीत लाकडाचा भुसा अजून पडलेला. सहा वाजत आले होते. जिन्यावर पाऊल वाजलं. मग थांबलं. मग पुन्हा वाजलं. तापातून उठलेला माणूस, एकेक पायरी.

काका दारात आले. शाल तशीच. माझ्याकडे बघितलं नाही, सरळ आत्यापाशी गेले. कट्ट्यावरून हात फिरवला. मग खिशात हात घातला, ओळंबा काढला, दोन बोटांत दोरी धरली आणि एक डोळा मिटला. गोळा डोलला, डोलला आणि स्थिर झाला. मी त्यांच्या खांद्याआडून बघत होतो. दोरी आणि चौकट, वर एकमेकींना चिकटलेली. खाली येईतो मधे चांगलं अर्धं बोट अंतर.

 एवढं सगळं करून?

"काका," मी हळूच म्हणालो, "टेढी आहे."

"आहे," काका म्हणाले. तो पितळी गोळा तळहातावर घेतला, दोरी गुंडाळली. त्यांचा तो दोन बोटं खाली गेलेला खांदा खिडकीला टेकला आणि तिथं बेमालूम बसला. "जिवंत आहे."

आणि खिडकीतच बसले. मी चहा सांगायला वळलो, तर बायको दारात उभी. हातात निळ्या काठाचा कप, वर वाफ.